मुळशी पेट्यातील सभा : एका नव्या रीतीचे शिक्षण

मुळशी सत्याग्रहाचा इतिहास बहुधा धरणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. टाटा पॉवर कंपनी, निळा व मुळा या नद्यांच्या संगमावरील बांध, पाण्याखाली जाणारी गावे, सेनापती बापट आणि त्यांचे कारावास हे त्यातील ठळक टप्पे होत. ते सांगणे योग्यच आहे. परंतु १९२१ साली त्या खोऱ्यातील शेतकऱ्यांपुढे धरणाबरोबर आणखी एक अपरिचित गोष्ट येऊन उभी राहिली होती, आणि तिचा परिचय करून घेण्यास त्यांना फारच थोडा अवधी मिळाला. ती गोष्ट म्हणजे सभा : अध्यक्ष असलेली, ठराव मांडणारी, अनुमोदन घेणारी, मते विचारणारी आणि आपला निर्णय दूरच्या कोणाला तरी कागदावर कळविणारी सभा. ज्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची बोलणी चावडीवर व देवळाच्या पारावर होत आली, त्यांनी ही नवी रीत कशी आत्मसात केली, आणि त्या रीतीचे शब्द ओळखीचे वाटल्यामुळे ते कोठे फसले, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

त्या काळी मुळशी हा स्वतंत्र तालुका नव्हता. हवेली तालुक्याचा तो एक पेटा होता आणि त्याची कचेरी पौड येथे होती. सह्याद्रीच्या कुशीतील हा मुलूख अतिवृष्टीचा, आंबेमोहर तांदळाचा आणि विखुरलेल्या वाड्यांचा. योजनेमुळे पन्नासांहून थोडी अधिक गावे व सुमारे अकरा हजार माणसे बाधित होणार होती. या गावांची माणसे एरवी एकत्र येत ती बाजाराला, जत्रेला किंवा लग्नकार्याला. एका प्रश्नावर सर्व खोऱ्याने एकत्र बसून बोलावे, असा प्रसंग क्वचितच येई.

क्वचित येई, असे म्हटले. कधीच आला नव्हता असे मात्र नव्हे. बारा मावळांच्या जुन्या कागदपत्रांत गोतसभेचा उल्लेख वारंवार आढळतो. वतनाचा, शिवेचा किंवा वडिलकीचा तंटा उत्पन्न झाला की देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार आणि सरकारचे अधिकारी एकत्र बसत. तिची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रथम वादी व प्रतिवादी दोघेही गोत जो निर्णय देईल तो मान्य करू असे लिहून देत. या लेखाला ‘राजीनामा’ म्हणत, म्हणजे राजी असल्याचा कागद. पुढे जमिनीच्या व्यवहारात जमीन सोडून देण्यास राजी असल्याच्या लेखाला हे नाव मिळाले आणि त्यातून आजचा नोकरी किंवा पद सोडण्याचा अर्थ निघाला. संमतीचा शब्द त्यागाचा झाला, हे मराठीतील अर्थपरिवर्तनाचे एक बोलके उदाहरण आहे. राजीनाम्याबरोबर जामीन दिला जाई. मग प्रत्येक पक्ष आपला करीना, म्हणजे हकिकतीचा क्रमवार वृत्तांत, सादर करी. साक्षी होत, शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष विशेष महत्त्वाची समजली जाई. प्रश्न सुटलाच नाही तर दिव्याची पाळी येई. शेवटी महजर लिहिला जाई व त्यावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या पडत. पाटलाच्या नावाजवळ नांगर, तर बलुतेदारांच्या नावांजवळ ज्याच्या त्याच्या धंद्याच्या हत्याराची खूण. जिंकणाऱ्याने हरकी द्यावयाची, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरावयाची. आणि हरणाऱ्याने, आपला दावा खोटा ठरला, पुन्हा तो उकरून काढणार नाही, असे येजितखतही लिहून द्यावयाचे.

या रीतीचे गुणगान करण्याचे कारण नाही. तीत बसण्याचे स्थान जन्माने ठरे, वतन नसलेल्या कुळाला तेथे फारसा आवाज नसे, आणि स्त्री आली तर बहुधा वतनाची वारस म्हणून. दिव्याविषयी बोलावयासच नको. परंतु तिचे एक लक्षण निर्विवाद आहे : ज्याच्याविरुद्ध निर्णय व्हावयाचा तो समोर बसलेला असे, आणि त्याने निर्णय मानण्याचे आधीच लिहून दिलेले असे. म्हणून ‘ठरले’ या क्रियापदाचा अर्थ तेथे खरोखरच ‘ठरले’ असा होता.

सभेची नवी रीत पुण्यास त्यापूर्वी अर्धशतक रुजली होती. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, ती पर्वतीच्या देवस्थानच्या कारभाराविषयीच्या असंतोषातून. तिच्या घटनेत एक मोठी मार्मिक अट होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. इंग्रजी अमदानीतील प्रातिनिधिकतेची कल्पना आणि वकीलपत्राची देशी सवय या दोहोंचा हा संकर होय. सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी यांच्या त्या पिढीने सभेचे कामकाज मराठीत कसे चालवावयाचे याचा पाठ घालून दिला. न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्यानमाला, १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी स्थापिलेला सत्यशोधक समाज, १८९३ नंतरचे सार्वजनिक गणेशोत्सव, या सर्वांतून तो पाठ पक्का होत गेला. सत्यशोधकांनी तर तो शहराच्या वेशीबाहेर नेला. तरीही पौडापलीकडच्या खोऱ्यांत सभा ही ऐकीव गोष्टच राहिली.

या कामकाजाची परिभाषा कोणत्या साहित्यातून घडविली गेली हे पाहिले, म्हणजे शिकणाऱ्याची अडचण लक्षात येते. ‘अध्यक्ष’ हा कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अधिकारी. तेथे तो कोष्ठागारावर, सुतावर, गाईंवर देखरेख करणारा खात्याचा मुख्य आहे. चर्चेचे नियमन करणाऱ्या व स्वतः मात्र कमीत कमी बोलणाऱ्या पुरुषाशी त्याचा काही संबंध नाही. ‘अनुमोदन’ हा शब्द संस्कृतातून उचलला. खेड्यात तो कोणाच्याच तोंडी नव्हता. असे शब्द अपरिचित म्हणूनच निरुपद्रवी होत. जो शब्द मुळीच कळत नाही, तो माणूस विचारून घेतो. घोटाळा होतो तो ओळखीच्या शब्दांत. ‘मत’ म्हणजे मनातला विचार, हे सर्वांना ठाऊक होते. पण सभेत मत ‘दिले’ जाते, ‘मोजले’ जाते, आणि एकाचे मत दुसऱ्याच्या मताइतकेच भरते, हा अर्थ नवा होता. ‘हरकत’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ हालचाल. मराठीत तो अडथळा या अर्थी आला, आणि सभेत अडथळ्याचाही एक शिष्टसंमत मार्ग झाला : हरकत ‘घ्यावयाची’, तीही योग्य वेळी, अध्यक्षांना उद्देशून. ‘सही’ याचा मूळ अर्थ बरोबर, खरे. ती आता माणसाच्या व्यक्तिगत संमतीची खूण झाली, आणि ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी नांगराच्या निशाणीऐवजी अंगठा आला. नांगर सांगे की हा पाटील आहे. अंगठा एवढेच सांगतो की हा दुसरा कोणी नाही.

सर्वांत अवघड शब्द ‘ठराव’. मुळात तो निश्चितीचा : भावाचा ठराव, लग्नाचा ठराव, देण्याघेण्याचा ठराव. उभय पक्षांत बोलणे होऊन जे पक्के झाले तो ठराव. सभेने हाच शब्द आपल्या प्रस्तावाला दिला. सभेचा ठराव ही वस्तुतः एका पक्षाने आपल्यापुरती केलेली निश्चिती असते. दुसरा पक्ष तेथे हजर नसतो, त्याने राजीनामा दिलेला नसतो, आणि त्याला ठरावाची प्रत पोचली तरी ती वाचण्याचे बंधन त्याच्यावर नसते. ज्याच्या कानात जुना अर्थ घोळत आहे, त्याने ‘जमीन देऊ नये असे सभेत ठरले’ हे वाक्य ऐकले तर त्याने काय समजावे?

ही अडचण असूनही मुळशीकरांनी सभेची रीत फार लवकर हस्तगत केली, हे मान्य केले पाहिजे. त्याला काही कारणे होती. १९२० च्या अखेरीस नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने असहकाराचा कार्यक्रम स्वीकारला व आपली नवी घटना केली. चार आणे वर्गणी भरून कोणाही प्रौढाला सभासद होता येऊ लागले. पुण्याच्या कार्यकर्त्यांना खेड्यांकडे वळण्याचे ते एक निमित्त झाले. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे ही माणसे केवळ व्याख्याने देऊन परत जाणारी नव्हती. त्यांनी हा लढा आपलाच मानला. नरसिंह चिंतामण केळकर, शिवराम महादेव परांजपे, शंकरराव देव यांचीही नावे या लढ्याशी निगडित आहेत. पारनेरकडचे, एडिंबरोस जाऊन आलेले व पॅरिसला बाँबची विद्या पाहून आलेले बापट मावळात सत्याग्रहाचे पुढारी व्हावेत, हा योगायोग गंमतीचा खरा; ‘सेनापती’ हे बिरुद त्यांना याच लढ्याने दिले.

चावडीवरच्या बोलण्याला आणि सभेतल्या बोलण्याला वेगवेगळे कान लागतात. चावडीवर एकाच वेळी चारजण बोलतात, वाक्ये एकमेकांत मिसळतात, आणि एखाद्या वडिलधाऱ्याने ‘तर मग असं करू’ म्हटले की बैठक उठते. तेथे संबोधन नात्याचे : आबा, तात्या, दादा, पाटील. सभेत नाते बाजूला ठेवावयाचे असते. समोर बसलेल्या चुलत्याशी बोलावयाचे असले तरी आरंभ ‘अध्यक्ष महाराज’ असा करावा लागतो. चावडीवर गप्प बसणे हा नाराजी दाखविण्याचा सभ्य मार्ग आहे. ज्याला पटलेले नाही तो मान खाली घालून तंबाखू मळीत राहतो, आणि इतरांना ते कळते. सभेत मात्र गप्प बसणाऱ्याची गणना संमतीत होते. ‘कोणाची हरकत नाही, ठराव सर्वानुमते मंजूर,’ एवढ्या वाक्यात चावडीवरचा सगळा मूक विरोध पुसला जातो. नव्या रीतीतील हा सर्वांत घातक नियम होय, आणि तो नियम आहे हे कोणी शिकवीत नाही. तो हानी झाल्यावरच कळतो.

मुळशीच्या लढ्याचे शिक्षणाच्या दृष्टीने खरे सामर्थ्य असे की, सभेच्या रीतीला त्याने प्रतिज्ञेची जोड दिली. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा ठरावाच्या भाषेत बसत नाही. ती शपथेच्या भाषेतील आहे. बेलभंडार उचलून शपथ घेण्याची परंपरा या मुलखाला चांगली माहीत होती. शपथ ही ज्याची त्याने स्वतंत्रपणे घ्यावयाची असते. तेथे गप्प बसून संमती होत नाही. ‘सत्याग्रह’ हा शब्दही या दृष्टीने भाग्यवान ठरला. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत तो घडविला तेव्हा मगनलाल गांधींनी सुचविलेल्या ‘सदाग्रह’ या शब्दात बदल करून तो सिद्ध झाला होता. मराठी माणसाला ‘आग्रह’ हा पंगतीतला शब्द. पाहुण्याने नको नको म्हटले तरी वाढणारा हात मागे घ्यावयाचा नाही, पण पाहुण्याचा अपमानही करावयाचा नाही, हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दिवसही जाणून निवडला गेला. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागी जमले व काम बंद पाडून बसले. बसणे हा सभेचा मूळ धर्म. येथे तोच प्रतिकार झाला. सभेतील ‘बैठक’ मंडपातून उचलून बांधाच्या पायावर नेली, एवढाच या कृतीचा अर्थ लावला तरी तो पुरेसा आहे. ठरावाला जो हजर नव्हता तो दुसरा पक्ष, म्हणजे कंपनी, आता समोर आला होता. गोतसभेचे निम्मे लक्षण अशा रीतीने पुन्हा प्राप्त झाले. २७ एप्रिलच्या ‘यंग इंडिया’त गांधीजींनी या लढ्यावर लिहिले, तेव्हा टाटांनी कायदेशीर हक्कांवर अडून न बसता लोकांशी बोलावे अशीच त्यांची अपेक्षा होती. कंपनीने काही काळ काम थांबविले. वर्षअखेरीस ते पुन्हा सुरू झाले.

मधल्या काळात कायद्याने आपली सभा भरविली होती. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याची भाषा मराठीत उतरते तेव्हा तिच्यात एक शब्द ठळक दिसतो : ‘निवाडा’. जिल्हाधिकारी जमिनीची मोजणी करवितो, हितसंबंधितांना नोटीस देतो, त्यांचे म्हणणे ऐकतो आणि भरपाईचा आकडा ठरवून ‘निवाडा’ जाहीर करतो. गोतसभेत निवाडा होई तो ‘जमीन कोणाची’ या प्रश्नाचा, आणि दोघांच्या राजीनाम्यानंतर. येथे प्रश्न फक्त ‘किती’ एवढाच उरला होता. कंपनीसाठी जमीन घ्यावयाची असल्यास चौकशीची तरतूद होती, पण ती सरकारचे समाधान व्हावे म्हणून. जमीन घेऊच नये अशी हरकत नोंदविण्याचा हक्क खातेदाराला मूळ कायद्यात दिलेला नव्हता. ज्या शब्दाचे गांभीर्य मावळाने शतकानुशतके मानले तोच शब्द एकतर्फी प्रस्तावाला लावला गेला. ठराव हा शब्द सभेने जितका सैल केला, त्याहून निवाडा हा शब्द कायद्याने अधिक सैल केला. फरक इतकाच की दुसऱ्याच्या पाठीशी पोलीस होते.

हा हक्क पुढे १९२३ च्या दुरुस्तीने आला. कलम ५-अ नुसार जाहीरनाम्यापासून तीस दिवसांत संपादनालाच हरकत घेता येऊ लागली. दुरुस्तीचे श्रेय एकट्या मुळशीला देणे उचित होणार नाही. पण कालक्रम नजरेआड करण्याचेही कारण नाही. मुळशीच्या शेतकऱ्यांनी ‘हरकत’ शब्दाचा सभेतील अर्थ शिकून घेतला तेव्हा कायद्यात त्याला जागा नव्हती, आणि ती झाली तेव्हा त्यांच्या जमिनींचा प्रश्न हातचा गेला होता.

लढा मोडण्याची कारणे केवळ बाहेरची नव्हती. खोऱ्यातील पुष्कळ जमीन कर्जापोटी सावकारांकडे गेलेली होती, आणि त्यांपैकी काहीजण पुण्यात राहत. त्यांचे नाव खात्यावर, आणि कसणारा हात दुसऱ्याचा. भरपाईचा आकडा वाढवून घेण्यात खातेदाराचे हित होते. कुळाला जमीन गेल्यावर मिळण्यासारखे फारसे नव्हते. पुण्यातही मतभेद होते. टाटांचा उद्योग स्वदेशी, त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालावयाच्या. तेव्हा हा लढा देशहिताच्या आड येतो की काय, असा प्रश्न प्रामाणिकपणे विचारणारे लोक होते. सभेची रीत या ठिकाणी अपुरी पडली. तिने मताला मत समान मानले, पण कोणाचे मत विचारावयाचे हा प्रश्न सभा भरण्यापूर्वीच सुटलेला असतो, असे ती गृहीत धरते. सार्वजनिक सभेने १८७० साली पन्नास सह्यांची अट घालून निदान ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता’ हे विचारले होते. मुळशीच्या प्रश्नावर पुण्यात जे बोलले त्या सर्वांना हा प्रश्न विचारला गेला असता, तर कुळांचे मुखत्यारपत्र फार थोड्यांजवळ निघाले असते. भुस्कुटे व बापट यांचे वेगळेपण येथेच दिसते. त्यांनी तुरुंगवास पत्करून ते मुखत्यारपत्र मिळविले होते.

एकामागून एक लोक भरपाई घेऊ लागले. अधिकाऱ्यापुढे अंगठा उठविताना कोणी काय म्हणाले, ते कागदावर राहत नाही. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार घरी बसून इतिहास वाचणाऱ्याला नाही. पेरणीचे दोन हंगाम अनिश्चिततेत गेलेल्या कुटुंबाचा हिशेब निराळा असतो. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह शस्त्र हाती घेऊन कंपनीची रेल्वे अडविली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. या अखेरच्या कृत्यात सभा नव्हती, ठराव नव्हता आणि बसलेले बाराशे लोकही नव्हते. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

खोऱ्यात शिकलेली रीत मात्र पाण्याखाली गेली नाही. पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभेला विधिवत स्थान दिले आणि ठराव, सूचक, अनुमोदक हे शब्द प्रत्येक गावच्या इतिवृत्तात येऊन बसले. १८९४ चा कायदा रद्द करून त्याच्या जागी आलेला २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची असल्यास बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्क्यांची पूर्वसंमती त्याने आवश्यक केली, आणि कसणाऱ्या कुळालाही बाधित कुटुंबांत जागा दिली. जुन्या अर्थाने पाहता हा राजीनामाच होय. निवाड्याच्या आधी घ्यावयाचा, आणि तोही आता कुणब्याच्या अंगठ्यानिशी.